चेक इंजिनचा दिवा लागला: शोरूम, उद्यमनगरचे गॅरेज की स्वतःचा स्कॅनर?

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागल्यावर कोल्हापुरातल्या गाडीमालकापुढे तीन वाटा असतात: कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर, उद्यमनगर किंवा शिरोलीकडचे स्कॅनर असलेले गॅरेज आणि स्वतःचा ब्लूटूथ स्कॅनर. त्याआधी दिवा कसा लागला आहे, ते पाहावे. तो स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तर निवांत विचार करायला सवड आहे. तो लुकलुकत असेल, तर इंजिन मिसिंग करत आहे आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या भागात, जाऊन तो महागडा भाग तापवत आहे, असे समजावे. अशी गाडी टो करूनच न्यावी.

ब्लूटूथ स्कॅनर हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो आणि डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसवला की मोबाइलवर गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा कोड दाखवतो. मात्र कोड म्हणजे निदान नव्हे. ‘पी०१७१’ एवढेच सांगतो की मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा जास्त आहे. हे ऑक्सिजन सेन्सरने कळवलेले असते म्हणून तोच बदलणे ही नेहमीची चूक आहे. दोष बहुधा फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपमध्ये, मळलेल्या एअरफ्लो सेन्सरमध्ये किंवा दाब कमी पडलेल्या फ्युएल पंपात असतो. त्याच स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचा, म्हणजे गाडीचा संगणक इंधन किती टक्के वाढवत किंवा घटवत आहे त्याचा, आकडा पाहता येतो. आयडलिंगला तो वीस टक्क्यांच्या वर असून आरपीएम अडीच हजारांवर नेताच खाली येत असेल, तर कुठेतरी हवा शिरत आहे. उलट चढावर किंवा जोर पडल्यावर वाढत असेल, तर इंधनच कमी पडत आहे.

असे वाचन करून मग काम करणारा मेस्त्री गॅरेजमध्ये भेटला, तर वॉरंटी संपलेल्या पेट्रोल गाडीसाठी त्याच्यासारखा पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची पारख सोपी आहे. ‘पी०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरचे मिसफायर, म्हणजे त्यात इंधन नीट न जळणे. प्रत्येक सिलिंडरला (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) वेगळी कॉइल असलेल्या गाडीत चांगला मेस्त्री पहिली कॉइल काढून दुसऱ्यावर बसवतो, कोड पुसतो आणि गाडी फिरवतो. आता ‘पी०३०२’ आला तर कॉइल गेली, ‘पी०३०१’च राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन तपासायचे. यात एक रुपयाचाही पार्ट लागत नाही. जो कोड वाचताच थेट पार्टची किंमत सांगू लागतो, त्याच्याकडचा स्कॅनर कितीही मोठा असला तरी उपयोग नाही. आपल्याकडच्या पावसात पाणी शिरलेला कनेक्टर आणि उंदराने कुरतडलेली वायर ही कारणेही अशीच हाताने शोधावी लागतात.

सर्व्हिस सेंटरमध्ये मजुरी जास्त पडते आणि दुरुस्तीपेक्षा अख्खी असेंब्ली बदलण्याकडे कल असतो. तरीही गाडी वॉरंटीत असेल, तर दुसरीकडे हात लावू देऊ नये, कारण पुढे दावा नाकारायला निमित्त मिळते. ईसीयूचे (इंजिनच्या संगणकाचे) सॉफ्टवेअर अपडेट आणि इमोबिलायझरची, म्हणजे किल्ली ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेची, कामे कंपनीच्या यंत्रणेवरच नीट होतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा हे प्रदूषणाचे मानक लागू झाल्यावरच्या डिझेल गाड्यांत डीपीएफ म्हणजे काजळी धरणारा फिल्टर असतो. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाडीत तो तुंबतो. नुसता डीपीएफचा दिवा लागला असेल, तर पुणे-बंगळूर महामार्गावर काही वेळ सलग वेगाने चालवून पाहावे. त्याच्या जोडीला चेक इंजिनही लागले असेल आणि गाडीची ताकद कमी झाली असेल, तर मात्र सर्व्हिस सेंटरच गाठावे. डीपीएफ काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. ते बेकायदेशीर आहे.

कुठेही गेलात तरी कोड पुसण्याआधी तो आणि त्यासोबतची फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष नोंदला त्या क्षणीचे आरपीएम, तापमान, वेग, यांचा मोबाइलवर फोटो काढून घ्यावा. कोड पुसताच ही नोंद जाते. दुरुस्तीनंतर दिवा विझलेला दिसतो तो बऱ्याचदा पुसल्यामुळे. पन्हाळ्यापर्यंत चढ-उताराची एक फेरी मारून, दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर गाडी सुरू करून पुन्हा स्कॅन करावे आणि ‘पेंडिंग’ सदरात, म्हणजे दिसलेल्या पण अजून पक्क्या न झालेल्या दोषांत, तोच कोड दिसला, तर गाडी त्याच मेस्त्रीकडे परत न्यावी.