कुत्र्या-मांजराच्या पिसवा, गोचीड, डास : घरचा कोणता उपाय निवडाल?

साताऱ्यातल्या पावसाळी पाटण किंवा जावळीकडे राहत असाल तर पिसवांची तयारी पावसाच्या आधीच करा. सातारा-सांगलीतल्या कोरड्या माण, आटपाडी, जतकडे असाल तर आधी गोचिडांकडे बघा. पिसवांच्या अळ्यांना ओल लागते, कोरड्या हवेत त्या मरतात. म्हणून कोयनेच्या खोऱ्यात आणि सांगलीतल्या कृष्णाकाठच्या ओलसर घरांत पावसाळ्यात त्यांचा सुकाळ असतो. कुत्र्याचा तपकिरी गोचीड मात्र दुष्काळी पट्ट्यातही भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत आरामात तग धरतो. शेजारच्या तालुक्यातल्या पाहुण्याला जो उपाय लागू पडला, तो तुमच्याकडे का पडला नाही, याचं उत्तर बरेचदा इथंच असतं.

दुसरी गोष्ट, कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे एकूण पिसवांचा लहानसा भाग. एक मादी दिवसाला 40-50 अंडी घालू शकते आणि ती अंडी केसांतून निसटून गोधडीत, पायपुसण्यावर, फरशीच्या सांध्यात पडतात. तिथं अळी होते, मग कोष होतो आणि कोषातली पिसू काही महिनेही थांबू शकते. त्यामुळं अंगाला काय चोळायचं हे ठरवण्याआधी अंथरुणाचं काय करायचं ते ठरवा. आठवड्याला अंथरूण कडकडीत गरम पाण्यात धुवा. माणदेशात त्यानंतर कडक उन्हात टाकलं की झालं. पाटणला जुलैत ऊनच नसतं, तिथं इस्त्री फिरवा. कोपरे झाडून निघालेली धूळ लगेच घराबाहेर टाका.

आता अंगावरचे उपाय. माझं मत स्पष्ट आहे : उवांची बारीक दातांची फणी आणि साबणाचं पाणी हे कडुलिंबापेक्षा वरचढ. फणीत आलेली पिसू साबणाच्या पाण्यात टाकली की बुडते; साध्या पाण्यात ती तरंगून उडी मारून जाते. शेपटीचा बुडखा, मान आणि पोट इथं रोज फणी फिरवा. काळे कण निघाले तर ओल्या कापसावर ठेवा. लालसर डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मांजर, गाभण कुत्री आणि लहान पिल्लं यांना हा सगळ्यात निर्धोक उपाय. खर्च फणीचा, बाकी तुमचा वेळ. लांब दाट केसांच्या कुत्र्याला मात्र हा वेळ फार लागतो.

कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्यानं कुत्र्याला शेवटचं धुवून काढणं चांगलं, पण त्याचा असर सौम्य असतो. पिसवा थोड्या दूर राहतील, असलेल्या मरणार नाहीत. कडुलिंबाचं तेल जास्त जोरकस. ते खोबरेलात पातळ करून आधी छोट्याशा जागी लावून बघा, लाली आली तर थांबा. नुसतं खोबरेल निरुपद्रवी, पण कुत्रं चाटत बसलं तर जुलाब होऊ शकतात. मांजराला कडुलिंबाचं तेल नकोच. मांजर दिवसभर अंग चाटतं आणि त्याच्या यकृताला अनेक सुगंधी तेलं, औषधं नीट पचवता येत नाहीत. हाच नियम लिंबाच्या सालीच्या पाण्याला. त्यातला घटक पिसवांना मारक आहे खरा, पण मांजराला तो बाधतो. कुत्र्याच्या खाजवून सोललेल्या कातडीला त्यानं आग होते आणि वासही लवकर उडून जातो. सांगलीत हळदीला तोटा नाही, तरी हळदीनं पिसवा जातात यावर विसंबू नका.

काही उपाय तुलनेतही घेऊ नयेत. भाकरीत कुस्करलेला लसूण कुत्र्या-मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. तंबाखूच्या पाण्यातलं निकोटीन कातडीतून भिनतं. रॉकेल, फिनेल, डांबरगोळ्या, कापूर ही सरळ विषबाधा. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. या गोष्टी आजही आपुलकीनं सुचवल्या जातात, म्हणून इतकं ठासून सांगतो आहे.

डासांसाठी धुरी, जाळी आणि पंखा यांत पंखा आणि जाळी पुढं. निर्गुडी-कडुलिंबाची धुरी मोकळ्या गोठ्यात ठीक. बंद खोलीत तिचा कुत्र्याच्या फुप्फुसांना त्रास होतो आणि धूर विरला की डास परत येतात. डास वाऱ्यापुढं टिकत नाही, म्हणून झोपायच्या जागी पंखा सोडणं खरंच उपयोगी पडतं. गवती चहाची कुंडी ठेवल्यानं फारसं काही होत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, तेव्हा आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे साठवलेल्या पाण्याची भांडी रिकामी करून सुकवा. कुत्र्याचं पाण्याचं भांडं रोज घासा. हौद मोठा असेल तर गप्पी मासे सोडा. 2019 आणि 2021 च्या पुरासारखं पाणी ओसरल्यावर परसातल्या करवंट्या, टायर, डबडी आधी पालथी करा. डासांमुळं कुत्र्याला हृदयातल्या जंतांचा आजार होऊ शकतो. त्याला घरचा प्रतिबंध नाही. औषध लागेल का, हे डॉक्टरांनाच विचारा.

गोचिडांपुढं घरचे उपाय तोकडे पडतात. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, काडीनं चटका देऊ नका, बोटांनी चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका. त्यानंतर ताप, फिकट हिरड्या, खाणं सोडणं यातलं काही दिसलं तर रक्ततपासणी करून घ्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयही आहे. पिसवांनी भरलेलं पिल्लू मलूल झालं तरी थांबू नका, रक्त कमी होऊन ते दगावू शकतं. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले तर पिसवांबरोबर पट्टकृमीही आलाय, जंताचं औषध लागेल.

शेवटी मानेवर टाकायचं औषध आणायचंच ठरलं, तर डब्यावर परमेथ्रिन लिहिलंय का ते वाचा. कुत्र्याला चालणारं ते औषध मांजराचा जीव घेऊ शकतं. घरात दोघं एकत्र झोपत असतील तर कुत्र्यासाठीही दुसरं औषध मागा.