शिअर बोल्ट बरा की स्लिप क्लच?

बागेतलं गवत कापताना ट्रॅक्टरच्या रोटरी मोअरचं (गवत कापायच्या यंत्राचं) पातं दगडावर आदळलं की त्या धक्क्यातून गिअरबॉक्स कोण वाचवणार, एवढाच प्रश्न.

शिअर बोल्ट म्हणजे मुद्दाम तुटावा म्हणून बसवलेला बोल्ट, स्वस्त. जादा लोड आला की तुटतो, पातं थांबतं, नवा टाकायचा. पण खडकाळ रानात तो सारखा तुटतो, मग वैतागून कुणीतरी हाय-टेन्साइल (जास्त मजबूत) बोल्ट ठोकतं. तो तुटत नाही, त्याच्याऐवजी गिअर जातो! कंपनीने सांगितलेल्या मापाचा आणि ग्रेडचाच बोल्ट घ्या, दोन-चार टूलबॉक्समध्ये ठेवा.

स्लिप क्लच, म्हणजे स्प्रिंगने दाबलेल्या प्लेटांचा क्लच, महाग, पण धक्का बसला की घसरतो आणि काम चालू राहतं. खोड एकच, पावसाळाभर पडून राहिला की प्लेटा गंजून चिकटतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं, संरक्षण मात्र शून्य. म्हणून हंगामाआधी स्प्रिंगचे नट ढिले करून पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद मोअरला देणारा फिरता दांडा) क्षणभर फिरवायचा, क्लच घसरतोय हे लांबूनच पाहायचं, मग नट पुस्तिकेतल्या मापाला परत आवळायचे. जास्त आवळले तर क्लच असून नसल्यासारखा.

दगडगोटे, खुंट असतील तर माझं मत क्लचला. साफ बागेत, वर्षातून थोडंच काम असेल तर बोल्ट पुरे.

हात घालण्याआधी मात्र दोन्हीकडे सारखंच: पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात. पीटीओ बंद केल्यावरही पाती काही वेळ फिरतात, ती थांबू द्या. मोअर उचलून धरणाऱ्या लिफ्टच्या भरवशावर त्याखाली शिरू नका, मजबूत लाकडी ठोकळे लावा.