एम.टेक. करताना टीचिंग असिस्टंटशिप: घ्यावी की नको?

कोल्हापुरात कसबा बावड्यातल्या किंवा गोकुळ शिरगावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर एम.टेक.ला प्रवेश घेतलात, तर एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकते. बदल्यात आठवड्याला ८ ते १० तास शिकवण्याचं आणि संशोधनाचं काम करायचं, हीच टीचिंग असिस्टंटशिप. आमचं मत: पहिल्या वर्षी जरूर घ्या.

तासांचा हिशोब मात्र आधी मांडा. दोन तासांची दोन प्रॅक्टिकल्स म्हणजे चार तास. वीस पोरांची बॅच धरली, तर एक जर्नल (प्रॅक्टिकलची वही) तपासायला पाच मिनिटं म्हटली तरी एका बॅचला एक तास चाळीस मिनिटं जातात. खरी ओढाताण सबमिशनच्या आठवड्यात होते. जर्नलं साठवून ठेवली की ऐन तुमच्या परीक्षेच्या तोंडावर गठ्ठा टेबलावर येतो. म्हणून प्रॅक्टिकल संपतानाच रीडिंगखाली सही करून मोकळं व्हा. ग्राफ चुकला असेल तर पोरगं समोर असतानाच सापडतो. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तुम्हालाही याचाच उपयोग होतो, कारण मूलभूत गोष्टी पक्क्या होतात.

पैसे अडकतात ते बहुतेक वेळा खात्यामुळे. आधार जोडलेलं साधं बचत खातं लागतं. व्यवहाराला मर्यादा असलेलं जनधन खातं चालत नाही. हजेरी कॉलेजनं दरमहा एआयसीटीईच्या पोर्टलवर नोंदवली का, हे ऑफिसात स्वतः विचारा. दुसरा पगार किंवा मानधन घेता येत नाही, त्यामुळे राजारामपुरीतल्या क्लासवर संध्याकाळी शिकवायचा बेत असेल तर दोन्हींतलं एकच निवडा. दुसऱ्या वर्षी प्रबंधाचं काम असतं, तेव्हा गाइडकडून आपल्याच विषयाची लॅब मागून घ्या.