गाडी विकत घ्यावी की महिन्याच्या भाड्यावर? सोलापूरच्या रनिंगचा हिशेब

गाडी विकली की कंपनीला पैसे एकदाच मिळतात, सेवा दिली की दर महिन्याला. म्हणूनच मारुतीने २०२० मध्ये ‘सबस्क्राइब’ योजना आणली. महिन्याच्या रकमेत विमा, सर्व्हिसिंग, रस्त्यात बंद पडली तर मदत असं सगळं येतं; पेट्रोल तेवढं आपलं. दोन-तीन वर्षांत बदली होणाऱ्या नोकरदाराला ही खरोखर सोय आहे, कारण जाताना गिऱ्हाईक शोधत बसावं लागत नाही. मात्र सोलापुरात ही योजना मिळते का आणि मुदतीआधी गाडी परत केली तर किती कापतात, हे आधी विचारा.

खरा हिशेब लागतो तो इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीच्या भाड्यात. एमजीची विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा बॅटरीसह सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत होती १३.५० लाख. बॅटरी भाड्याने घेतली तर ९.९९ लाख, वर किलोमीटरला ३.५० रुपये. फरक ३.५१ लाखांचा, म्हणजे साधारण एक लाख किलोमीटरचं भाडं. कर्जाचं व्याज वाचतं ते धरलं तर आकडा आणखी पुढे जातो. कमी फिरणाऱ्याला भाडं फायद्याचं वाटेल, पण किमान रनिंगची अट बघा. महिन्याला १५०० किलोमीटरची अट असेल तर गाडी दारात उभी राहिली तरी ५,२५० रुपये द्यावेच लागतात.

आता आपल्याकडचं महिन्याचं रनिंग मांडा. पुण्याची एक खेप जाऊन-येऊन ५०० किलोमीटर, तुळजापूर ९०, अक्कलकोट ८०, जुळे सोलापूर ते सात रस्ता अशी रोजची ये-जा महिन्याला अडीचशे. बेरीज नऊशेच्या आसपास. म्हणजे ते ५,२५० वाटले तर किलोमीटरला साडेतीन नाही, जवळजवळ सहा रुपये पडले! उलट रोज पंढरपूरला जाऊन येणाऱ्याचे लाख किलोमीटर अडीच वर्षांतच होतील, आणि पुढे भाडं चालूच राहिलं तर ते अंगावर येईल.

माझं स्पष्ट मत: आठ-दहा वर्षं गाडी ठेवणाऱ्या घराने ती विकतच घ्यावी. हप्ते फिटले की गाडी आपली, आणि विकली तर चार पैसे हातात येतात. बॅटरी भाड्याने घ्यायचीच असेल तर किमान किलोमीटर, कराराची वर्षं आणि त्यानंतर बॅटरी कोणाची, हे तिन्ही शोरूमवाल्याकडून लेखी घ्या.

विकत घेतलेल्या गाडीतही आता सेवा शिरली आहे. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत सीट गरम करण्याच्या सोयीचे महिन्याला पैसे लावले. ओरड झाल्यावर २०२३ मध्ये ते मागे घेतलं. आपल्याकडे मोबाइलवरून एसी लावणं, गाडी कुठे आहे ते बघणं या सोयी बऱ्याचदा सुरुवातीची काही वर्षंच फुकट असतात. बुकिंगच्या आधी पुढचा दरही विचारून घ्या.