प्वासाँ की जड शेपटीचे प्रारूप? छोट्या इंटरनेट सेवेसाठी एक आढावा

सांगलीत विश्रामबाग परिसरातील सुमारे ३०० घरांना इंटरनेट पुरवणाऱ्या एका सेवेचे तांत्रिक नियोजन मी पाहतो. वरच्या पुरवठादाराकडून किती क्षमतेची लिंक घ्यावी आणि राउटरमध्ये बफर (गर्दीच्या वेळी डेटा थोपवून ठेवणारी जागा) किती ठेवावा, हे ठरवताना ग्राहकांच्या वापराचे काही तरी संख्याशास्त्रीय प्रारूप मनाशी धरावेच लागते. मी दोन प्रारूपे प्रत्यक्ष वापरून पाहिली. पहिले तासागणिक बदलत्या दराचे प्वासाँ प्रारूप, म्हणजे घटना एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सरासरी ठरावीक दराने घडतात असे मानणारे. दुसऱ्यात प्रत्येक ग्राहक आलटूनपालटून ‘चालू’ आणि ‘बंद’ असतो आणि या कालखंडांची लांबी परेटो वितरणातून येते, असे मानले जाते. या वितरणात फार मोठ्या किमती विरळ असल्या तरी नगण्य नसतात; हीच ‘जड शेपटी’.

प्वासाँची बाजू आधी मांडतो, कारण तिच्याबद्दल मला आदर आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांगने १९०९ साली दूरध्वनीच्या कॉलना हे वितरण लागू पडते हे दाखवले, आणि त्यानंतर कित्येक दशके टेलिफोन एक्स्चेंजची आखणी त्याच पायावर झाली. दर तासाला एकच संख्या पुरते आणि सगळा हिशेब साध्या एक्सेलमध्ये मावतो. पॅक्सन आणि फ्लॉइड यांनी १९९५च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात प्वासाँवर टीका केली खरी, तरी माणसाने स्वतः सुरू केलेली टेलनेट (दूरच्या संगणकावर लॉगिन) आणि एफटीपी (फायलींची देवाणघेवाण) यांची सत्रे तासागणिक ठरावीक दर धरल्यास प्वासाँप्रमाणेच येतात, हेही त्यांनी नोंदवले आहे. आमच्या लॉगिनच्या नोंदींतही मला तेच दिसले. अपवाद वीज जाऊन परत येण्याचा. तेव्हा सगळ्या घरांतले राउटर एकदम जागे होतात आणि लॉगिन एकमेकांपासून स्वतंत्र असल्याचे गृहीतक तेवढ्यापुरते कोलमडते.

माझी अडचण लॉगिन झाल्यानंतर सुरू झाली. रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान व्हिडिओ अडकतो म्हणून ग्राहकांचे फोन येत, आणि मी पाच मिनिटांच्या सरासरीचा आलेख उघडला की लिंकचा जवळजवळ तिसरा हिस्सा मोकळा दिसे. प्वासाँ प्रारूपही तोच दिलासा देई, आणि त्याच्या भरवशावर मी लोकांना ‘लाइनला काही अडचण नाही’ असे सांगत राहिलो. ते खरे नव्हते, आणि याच गोष्टीचा मला सर्वाधिक त्रास झाला. शेवटी एका आठवड्याच्या दर सेकंदाच्या नोंदी घेऊन १, १० आणि १०० सेकंदांच्या सरासरीचे तीन आलेख शेजारी शेजारी ठेवले. प्वासाँ खरे असते, तर कालखंड शंभरपट वाढवल्यावर सरासरीच्या तुलनेतील चढउतार दहाव्या हिश्शावर यायला हवे होते. प्रत्यक्षात तिसरा आलेखही पहिल्याइतकाच दातेरी भासत होता. बेलकोर या अमेरिकी दूरसंचार संशोधन संस्थेतील इथरनेटच्या (स्थानिक संगणक-जाळ्याच्या) नोंदींत लेलँड, टाकू, विलिंजर आणि विल्सन यांनी १९९४च्या निबंधात दाखवलेले स्वसादृश्य, म्हणजे छोट्या-मोठ्या कालखंडांत सारखेच दिसणारे चढउतार, ते हेच.

त्याआधी मी बफर वाढवण्याचाही प्रयोग केला होता. प्वासाँच्या गणितात बफर थोडा वाढवला की पॅकेट (डेटाचे तुकडे) गळणे झपाट्याने कमी व्हायला हवे. आमच्याकडे गळती किंचितच घटली, विलंब मात्र वाढला आणि व्हिडिओ कॉल आणखी बिघडले. दुसरे प्रारूप याचे सरळ कारण सांगते: वापराची लाट दीर्घकाळ टिकणारी असेल, तर बफरची कितीही मोठी टाकी भरतेच, म्हणून पैसे बफरपेक्षा लिंकच्या क्षमतेवर खर्च करावेत. क्रोव्हेला आणि बेस्टाव्ह्रोस यांनी बोस्टन विद्यापीठातील वेब वापराच्या नोंदींत या लाटेचा उगम फायलींच्या आकारांच्या जड शेपटीत शोधला होता. परेटोचा घातांक (शेपटी किती जड ते सांगणारी संख्या) १ आणि २ यांच्यामध्ये असेल, तर सरासरी सांत राहते पण विचरण, म्हणजे सरासरीभोवतीच्या विखुरलेपणाचे माप, अनंत होते. उदाहरणार्थ घातांक १.२ धरला, तर हर्स्ट निर्देशांक (चढउतार किती दीर्घकाळ टिकून राहतात याचे माप) ०.९ येतो, आणि कालखंड शंभरपट केला तरी सुमारे ६३ टक्के चढउतार शिल्लक राहतात. जलशास्त्रज्ञ हर्स्टने हा विचार नाईलच्या पाण्याच्या नोंदींवरून मांडला होता; कृष्णाकाठच्या माणसाला भरल्या वर्षांमागून भरली वर्षे येण्याची कल्पना वेगळी समजावून सांगावी लागू नये.

या प्रारूपातही उणिवा आहेत. हर्स्ट निर्देशांक काढण्याच्या पद्धती एकाच नोंदीवर वेगवेगळी उत्तरे देतात, आणि सकाळ-संध्याकाळचा नेहमीचा चढउतार आधी वजा केला नाही, तर तोच दीर्घ स्मृतीसारखा, म्हणजे जुन्या चढउतारांचा परिणाम टिकून राहिल्यासारखा, दिसतो. माझ्याच नोंदींवर दोन पद्धतींनी काढलेले आकडे जुळले नव्हते. शिवाय ‘अनंत विचरण’ म्हणजे काय, हे खर्चाला मंजुरी देणाऱ्या भागीदाराला समजावणे सोपे नाही.

तुमचे ग्राहक मोजके असतील आणि फक्त एका वेळी किती जण लॉगिन करतील एवढेच ठरवायचे असेल, तर प्वासाँ पुरेसे आहे, असे मला वाटते. मीही त्या कामासाठी आजही तेच वापरतो. लिंक आणि बफर ठरवायचे असतील, तर माझा कल जड शेपटीकडे आहे, अर्थात तुमच्या वस्तीचा वापर आमच्यापेक्षा निराळा असू शकतो. निवड करण्यापूर्वी निदान एका आठवड्याच्या रात्रींच्या दर सेकंदाच्या नोंदी घ्याव्यात आणि वर सांगितलेले तीन आलेख काढावेत. तिसरा आलेख सपाट झाला, तर प्वासाँवर निर्धास्त राहावे. आमचा झाला नाही, म्हणून आम्ही बफर पूर्ववत केला आणि मोठी लिंक घेतली.