घोडबंदरला राहून मॅन्युअल: व्हर्टस जीटी, एका पावसाळ्यानंतर

घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाने मॅन्युअल गाडी घेतली की लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण विचारतो, ‘ऑटोमॅटिक मिळत नव्हती का?’ मिळत होती, आणि चांगली मिळत होती. २०२१ ची स्कोडा ऑक्टाव्हिया, २.० टीएसआय (म्हणजे टर्बो पेट्रोल), फर्स्ट ओनर, एमएच ४३ पासिंग, नेरुळला उभी. मालकाची बोली बावीस लाखांची. एकविसावर तो आला असता. जवळपास तेवढ्याच पैशात फोक्सवॅगन व्हर्टस जीटी प्लस, १.५ टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल, नवी कोरी ऑन-रोड येत होती. २०२४ च्या दसऱ्याच्या सुमारास आम्ही व्हर्टस घेतली. आता एक अख्खा पावसाळा काढून झालाय, म्हणून लिहायला बसलोय. गाडी घरी आल्यावर आठवडाभरात लिहिलेल्या अनुभवांवर माझा विश्वास नाही. तेव्हा माणूस गाडीपेक्षा स्वतःच्या निर्णयाचं कौतुक जास्त करत असतो.

कागदावर पाहिलं तर ऑक्टाव्हियापुढे व्हर्टस टिकतच नाही. १९० पीएस ताकद आणि ३२० न्यूटन-मीटर टॉर्क एकीकडे, १५० आणि २५० दुसरीकडे. डिकी ६०० लिटर, व्हर्टसची ५२१. नेरुळला ती गाडी पाहायला गेलो तेव्हा बाबांनी दरवाजा लावला, मग काही न बोलता पुन्हा उघडला आणि पुन्हा लावून पाहिला. त्या आवाजातच निम्मा सौदा झाला होता. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर चालवली. पाय नुसता टेकवला की गाडी निघते, गिअर कधी पडला ते कळतसुद्धा नाही, आणि वेगमर्यादा इतक्या लवकर येते की पुढचा सगळा वेळ पाय आवरण्यात जातो. ही गोष्ट तेव्हाच मनात राहिली. गाडी उत्तमच होती, पण तिच्यातली निम्मी ताकद मी वापरणार कुठे?

डीएसजीबद्दल, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल, आपल्याकडे जी भीती आहे तिच्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लोक सगळ्या डीएसजी एकाच माळेत ओवतात. डीएसजीत दोन क्लच असतात. एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. एक गिअर चालू असताना पुढचा आधीच लावून ठेवलेला असतो, म्हणून बदल इतका चटकन होतो. यात बदनाम झाला तो डीक्यू २०० हा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स. २०१३ साली चीनमध्ये फोक्सवॅगनला याच डीएसजीच्या तक्रारींवरून सुमारे ३.८४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. कोरडा क्लच रांगत्या ट्रॅफिकमध्ये सतत अर्धा घसरत राहतो, तापतो, आणि तो थंड करायला तेल नसतं. आपल्याकडच्या जुन्या १.८ टीएसआय ऑक्टाव्हियात हाच होता. व्हर्टसच्या १.५ ऑटोमॅटिकमध्येही कोरड्या क्लचचाच आहे. पण २०२१ च्या २.० ऑक्टाव्हियात आहे तो डीक्यू ३८१, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचचा. ठाण्याच्या ट्रॅफिकसाठी तो कितीतरी बरा. त्यामुळे ‘डीएसजी आहे, नको’ म्हणून ती गाडी सोडली असं कोणी समजू नये.

सोडली ती वॉरंटीमुळे. मूळ वॉरंटी संपायला आली होती आणि मालकाने वाढवून घेतली नव्हती. आमचे माजिवड्याचे मेकॅनिक, ज्यांना अख्खा परिसर मामा म्हणतो, त्यांनी स्कॅनर लावला, खालून पाहिली, एक चक्कर मारून आले. म्हणाले, ‘‘साहेब, गाडीत काही नाही. पण उद्या काही निघालं तर ते हजारांत नसेल.’’ ही ऑक्टाव्हिया संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जुळवली जायची, पण सुटे भाग बहुतांशी बाहेरचे. शिवाय २०२३ मध्ये नवे प्रदूषण-निकष आले आणि हिची इथली विक्री थांबली. व्हर्टस चाकणला बनते आणि रस्त्यावर तिची भावंडं भरपूर आहेत, त्यामुळे बंपरपासून सस्पेन्शनच्या बुशपर्यंत सगळं निदान ओळखीच्या दुकानातून मागवता येतं.

पैशांचा हिशेब वरवर सारखा दिसतो, पण आतून वेगळा आहे. नव्या गाडीच्या किमतीत दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात लागणारा १२ टक्के रोड टॅक्स धरलेला असतो. जुन्या गाडीचा तो पहिल्या मालकाने कधीच भरलेला. म्हणजे एकवीस लाखांतले दोनेक लाख मी सरकारला दिले आणि ऑक्टाव्हिया घेणाऱ्याने तेच गाडीत घातले असते. उलट बाजूला विमा. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला नुसत्या थर्ड पार्टीचे वर्षाला ७,८९७ रुपये. १४९८ सीसीच्या व्हर्टसला ३,४१६. तीन-चार वर्षांच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी मानलेली किंमत, धरताना ४० टक्के घसारा कापतात, म्हणजे चोरी किंवा मोठा अपघात झाला तर हाती येणारा आकडा बाजारभावापेक्षा कमीच असण्याची शक्यता. सप्टेंबर २०२५ मध्ये या वर्गाच्या गाड्यांवरचा कर सेससकट ४५ वरून ४० टक्क्यांवर आला. आम्ही त्याआधीच घेऊन बसलो होतो, त्याला इलाज नाही. आता हाच हिशेब मांडणाऱ्याला नवी गाडी आणखी परवडेल.

आता ज्यासाठी बहुतेक जण हे वाचत असतील ते. ट्रॅफिकमध्ये मॅन्युअल किती जाच करते?

माझा रोजचा रस्ता वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा, मग ईस्टर्न एक्स्प्रेस आणि ऐरोली पुलावरून ऐरोली. (ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांना ऐरोली नाक्यावरचा टोल माफ झाला, तेवढं एक सुख.) मेट्रोचे खांब आहेत, सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिसळण्याचं काम आहे, आणि गायमुख घाटात एखादा ट्रेलर बंद पडला की त्याची शिक्षा थेट आम्हाला. अशा ठिकाणी क्लच जड आहे की हलका, यावर सगळे बोलतात. खरं सांगायचं तर व्हर्टसचा क्लच जड नाही. त्रास वेगळा आहे, आणि शोरूमच्या चकरेत तो समजत नाही. या इंजिनाचा पूर्ण टॉर्क १,६०० आरपीएमपासून मिळतो, त्याखाली गाडी मवाळ आहे. पाच ते पंधराच्या वेगात, म्हणजे मानपाड्याला संध्याकाळी जो वेग असतो त्यात, पहिला गिअर ओढून धरतो आणि दुसरा रडतो. पहिल्यात ठेवली तर पाय हलला की गाडी डुलते. दुसऱ्यात टाकली तर हाफ क्लच द्यावा लागतो. डाव्या पायाची खरी कसोटी एवढ्या पट्ट्यातच आहे. त्यावरचा उपाय म्हणजे पुढच्या गाडीला थोडी जागा सोडायची आणि पहिल्यातच ॲक्सिलरेटर न देता सोडून द्यायची. गाडी आपली आपण चालत राहते. ठाण्यात जागा सोडली की तिथे रिक्षा शिरते, हे मान्य. शिरू द्या. कापूरबावडीला ती आपल्या शेजारीच उभी असते.

पहिले दोन महिने गुडघा दुखला. सीट एक खाच पुढे आणि थोडी वर घेतल्यावर तो प्रकार गेला. बरेच जण मॅन्युअलमध्येही ऑटोमॅटिकसारखं मागे रेलून बसतात, मग क्लच पूर्ण दाबायला कंबरेतून ढकलावं लागतं. चढावर, म्हणजे फ्लायओव्हर चढताना गर्दी असेल तर, हिल होल्ड गाडी दोन क्षण धरून ठेवतो. ऑटोमॅटिकवाल्यांना याचं काय कौतुक म्हणा, पण आम्हाला आहे.

पावसाळ्यात १७९ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स कामी आला. ऑक्टाव्हिया याहून बरीच खाली बसते, आणि यंदाचे घोडबंदरचे खड्डे पाहता तिचा पुढचा बंपर वाचला असता असं मला वाटत नाही. माझाही एक टायर गायमुखच्या अलीकडे पाण्याखालच्या खड्ड्यात फुगा येऊन गेला. २०५/५५ आर १६ हा साइज सगळीकडे मिळतो, त्यामुळे त्याच दिवशी काम झालं. सोसायटीच्या तळघराच्या रॅम्पवर मात्र कुठलीही सेडान घासतेच, तो बिल्डरचा प्रताप आहे.

आणि मग शनिवारी पहाटेचा कसारा. ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडला. नाशिकला जायची घाई असेल तर मी भिवंडीकडून आमण्याला चढतो, जवळपास आठ किलोमीटरचा जुळा बोगदा पार करतो आणि घाट लागतच नाही. सहाव्या गिअरला, शंभरावर, इंजिन चारांपैकी दोन सिलिंडर बंद करून चालतं. स्क्रीनवर अक्षरं दिसली नसती तर मला कळलंही नसतं. घाई नसली की जुना कसारा घाट. तिथे तिसरा गिअर. या गाडीतला सगळ्यात सुंदर भाग तिसरा गिअर आहे, हे माझं मत कुणी बदलू शकणार नाही. चाळीसपासून जवळजवळ शंभरपर्यंत एकाच गिअरमध्ये, वळणाच्या आधी थोडं सोडायचं, वळणाच्या पोटातून पुन्हा द्यायचं, आणि गाडी दोरी ओढल्यासारखी वर जाते. उतरताना त्याच तिसऱ्यात इंजिन गाडीला रोखून धरतं, ब्रेकवर सारखा पाय ठेवावा लागत नाही. १५० पीएस इथे पुरे वापरले जातात. ऑक्टाव्हियाचे १९० पाम बीचवर मी नुसते आवरत बसलो होतो. मालशेजला भर पावसात मी मजा करायला जात नाही. तिथे धुकं, दरडी आणि रस्त्यात उभे राहून सेल्फी काढणारे लोक, तिन्हींची भीती वाटते.

ॲव्हरेजबद्दल: घोडबंदरच्या गर्दीत अकरा-बाराच्या आसपास, रविवारी सकाळी ठाण्यातल्या ठाण्यात चौदा, समृद्धीवर शंभर धरून चालवली तर अठराच्या पुढे. पंपावर आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं खाली येणारच. पण एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबरी नळ्या, सील वगैरे भाग या पेट्रोलला चालतील असेच घातलेले असतात. २०२१ च्या गाडीबद्दल ही खात्री देता येत नाही, आणि जुन्या-नव्याच्या तराजूत हे वजन फार थोडे लोक टाकतात.

न आवडलेलं सांगतो. ऑन-रोड वीस लाखांच्या वर गेलेल्या, जीटी म्हणवणाऱ्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहेत. थांबते व्यवस्थित, पण अलॉयच्या जाळीतून तो ड्रम दिसतो आणि मन खट्टू होतं. मागच्या सीटवर दोन जण आरामात, तिसरा बसला तर मधल्या उंचवट्यामुळे पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न. आतल्या प्लास्टिकला ऑक्टाव्हियाचा मऊपणा नाही, हात लावला की फरक जाणवतो. खडबडीत सिमेंट रस्त्यावर टायरचा आवाज आत येतो. बोलताना आवाज किंचित चढवावा लागतो. या बाबतीत नेरुळची गाडी फार वरच्या इयत्तेतली होती, आणि तुमचं बहुतेक चालवणं कुटुंबाला घेऊन हायवेवर असेल तर मी तुम्हाला तीच घ्या म्हणेन. सुरक्षेत मात्र हात आखडता घेतलेला नाही: सहा एअरबॅग, आणि २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही पाच तारे.

घरातलं मतही लिहायला हवं. बायकोला गाडी उत्तम चालवता येते, पण संध्याकाळी साडेसहाला ती किल्ली माझ्याकडे टाकते. ‘‘हौस तुझी, तर क्लचही तूच दाब.’’ घरात दोघं रोज चालवणारे असतील आणि त्यातल्या एकालाच गिअरची हौस असेल, तर नव्या गाडीतसुद्धा मॅन्युअल घेताना दहा वेळा विचार करा. आमच्याकडे ती लोकलने जाते, म्हणून निभावलं.

मॅन्युअलचा त्रास मी रोज थोडा थोडा फेडतो. वॉरंटीबाहेरच्या गाडीचा एकदम फेडायची माझी तयारी नव्हती. ज्यांची आहे, आणि खिशात वेगळे दोनेक लाख राखून ठेवायची सोय आहे, त्यांनी ऑक्टाव्हिया जरूर पाहावी. फक्त ट्रायल पाम बीचवर घेऊ नका, तिथे कुठलीही गाडी छानच चालते. रात्रभर उभी असलेली गाडी थंड असताना स्वतः सुरू करा, रिव्हर्स टाकून चढावर मागे घ्या, मग अर्धा तास गर्दीत रांगू द्या आणि इंजिन तापल्यावर तेच सगळं पुन्हा करा. थंड गाडी आणि तापलेली गाडी वेगळी वागत असेल तर मालक काहीही म्हणो, तिथून निघा. सर्व्हिसची बिलं नुसती मोजू नका. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं ते त्यात शोधा. कर्जावर घेतलेली असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्या, आणि गाडीवरची थकलेली ई-चलनं परिवहनच्या साइटवर पाहून मालकाकडूनच भरून घ्या. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायचा असतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबरच जातो, तेव्हा पहिल्या वर्षाचा हप्ता त्याच्या पावतीवरच्या आकड्यापेक्षा मोठा येईल असं धरूनच भाव करा.