फोंतेन्हासची पायी फेरी : घरे राखणाऱ्यांच्या सोबतीने

पणजीतील फोंतेन्हास या जुन्या वस्तीत तेथील रहिवाशांची समिती पायी फेरी घडवते. मी सावंतवाडीहून मुद्दाम त्यासाठी गेलो होतो. केवळ रंगीत भिंतींपुढे छायाचित्रे काढायची असतील, तर या फेरीची गरज नाही. मात्र ती घरे इतकी वर्षे कशी टिकली आणि पुढे कशी टिकवता येतील, हे जाणून घ्यायचे असेल, तर तिथे राहणाऱ्यांपेक्षा चांगला वाटाड्या कोण मिळणार?

आल्तिन्हो टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या, ज्या झऱ्यावरून वस्तीला नाव पडले त्या झऱ्यापाशी सुरुवात होते. १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे पोर्तुगीज गोव्याची राजधानी झाली, हा इतिहास थोडक्यात आटोपला जातो. सान सेबास्तियन कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिरात, मात्र जरा थांबावे. तेथील क्रूस पूर्वी इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातील धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता आणि त्यावरील ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत.

फेरीचा खरा गाभा एका घराच्या ओसरीवर उलगडतो. तेथे एका वृद्ध सुताराने शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी उतरवून ठेवली होती. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत त्यांनी एकेक चपटा शिंपला हलकेच सरकवून बसवला आणि झडप उन्हाकडे धरली, तेव्हा आत दुधी, शांत उजेड पसरला. पुढे भिंतींचा विषय निघाला. चिऱ्याचा, म्हणजे जांभा, दगड पावसाळ्यात पाणी पितो. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल हळूहळू बाहेर पडते, सिमेंटच्या गिलाव्यामागे मात्र ती कोंडून राहते. हे ऐकताना मला आमचेच घर आठवले. पाच वर्षांपूर्वी गवंड्याच्या सल्ल्याने आम्ही माजघराच्या भिंतीला सिमेंट लावून घेतले. दुसऱ्याच पावसाळ्यात तिला लोणा लागला आणि आता गिलाव्याचे पोपडे सुटत आहेत. या माहितीसाठीच मी हा प्रवास सार्थकी लागला असे म्हणेन.

दोन उणिवा सांगणे आवश्यक आहे. आमच्या गटात पंचवीसजण होते आणि त्या अरुंद गल्ल्यांत मागे राहिलेल्यांना काही ऐकू येत नव्हते. शिवाय घराबाहेर पडणाऱ्या एका आजींना आमच्यामुळे उंबऱ्यातच ताटकळावे लागले. जी समिती रहिवाशांच्या निवांतपणासाठी झटते, जिच्या सूचनेवरून आम्ही एकाही खिडकीत डोकावलो नाही, तिने गट बारा-पंधरांचाच ठेवावा. दुसरे म्हणजे, माहितीपत्रक केवळ इंग्रजीत आहे. कोकणी आणि मराठी वाचणारे इतके लोक येत असताना ही उणीव मनाला लागते.

फेरी सकाळीच करावी, चढ-उताराला साजेशी पादत्राणे घालावीत आणि शेवटी प्रश्नांसाठी अर्धा तास हाताशी ठेवावा. त्या अर्ध्या तासातच मला चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याचा पत्ता मिळाला; दिवाळीनंतर ते आमची भिंत पाहायला येणार आहेत.